विश्वामित्रीचा कारभार

आमचे सध्या एक राष्ट्र आहे. नाव विश्वामित्री, राष्ट्रीय प्राणी मगर, चलन दमडी. बडोद्यात ज्यांनी दोन पावसाळे काढले आहेत त्यांना नावाचा आणि प्राण्याचा खुलासा नको. चलनाचा खुलासा निवृत्तिवेतनधारकांना नको. ब्रीदवाक्य आम्ही 'सादर, निर्णयार्थ' असे ठेवले. राज्य शासनाच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत, गुजरातीतून का होईना, आमच्या बहुतेक टिपणींचा शेवट याच अर्थाच्या शब्दांनी होत असे.

हे राष्ट्र संगणकावर वसलेले आहे. 'नेशनस्टेट्स' नावाचा हा खेळ मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केला. 'जेनिफर गव्हर्नमेंट' या आपल्या आगामी कादंबरीकडे लोकांचे लक्ष जावे, एवढाच त्याचा हेतू होता. खेळ मात्र वीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्यात धावणारी चित्रे नाहीत की तोफांचे आवाज नाहीत. सारा मामला वाचण्याचा आणि ठरविण्याचा. म्हणूनच आमच्यासारख्याला तो झेपला. खेळातील जागतिक संघटनेस आरंभी संयुक्त राष्ट्रसंघाचेच नाव होते; खऱ्या संघाकडून हरकतीची नोटीस आल्यावर २००८ मध्ये ते बदलावे लागले. इतक्या मोठ्या जगात इतक्या लहान बाबीची दखल घेणारा कोणी कारकून जागा आहे, हे वाचून आम्हांस बरे वाटले.

कारभाराची रीत सोपी आहे. रोज एखाद-दुसरा प्रश्न पुढे येतो. कारखान्याचे सांडपाणी, संपावर गेलेले कामगार, शाळेतील प्रार्थना, असा कोणताही. त्यावर दोन-चार सल्लागार मते मांडतात आणि त्यांतले एक स्वीकारावयाचे. गंमत अशी की प्रत्येक सल्लागार आपल्या टोकाला जाऊन बसलेला. एक म्हणतो, सारे कारखाने बंद करा. दुसरा म्हणतो, नदी कारखानदारांनाच विकून टाका. 'उभय बाजूंचा विचार करता समिती नेमणे इष्ट ठरेल' असे लिहिणारा तिथे कोणी भेटत नाही. आमची हयात त्या एका वाक्यावर गेली. समिती नेमणे म्हणजे वेळकाढूपणा, अशी टीका आम्ही पुष्कळ ऐकली आहे. परंतु वेळ काढल्याने तापलेले डोके निवते आणि मग दोन्ही बाजूंना थोडे थोडे सोडता येते, हा आमचा अनुभव आहे. खेळात ती सवलत नाही. एक तर निवडा, नाही तर प्रश्नच फेटाळून लावा.

दुसरी गोष्ट याहून विचार करावयास लावणारी. निर्णयाचे परिणाम आधी कळत नाहीत. नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य हे तीन मुख्य काटे. त्यांच्याखाली लहान काट्यांची रांग. एक कळ दाबली की भलताच काटा हलतो. करांचा दर तर स्वतंत्रपणे ठरवताच येत नाही. एकेक चांगले काम मंजूर करीत गेले की तो आपोआप चढत जातो. हे मात्र आम्हांस अगदी ओळखीचे वाटले. प्रत्येक खात्याचा प्रस्ताव स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच असतो. सारे एकत्र बांधले की वित्त खात्याचा चेहरा उतरतो.

खोटे आहे ते एवढेच की, तिथे कोणी भेटावयास येत नाही. १९८७ च्या दुष्काळात आम्ही नोकरीत नवे होतो. जवळजवळच्या दोन गावांपैकी एका ठिकाणीच चारा-डेपो उघडता येणार होता. पाण्याची सोय होती तिथे आम्ही तो उघडला. आजही तिथेच उघडू. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा एक म्हातारा बैल घेऊन कचेरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही. दुपारपर्यंत उभा होता, मग निघून गेला. विश्वामित्रीत त्या म्हाताऱ्याच्या जागी एक अंक असतो, आणि तो दशांशाने घटतो.

आरंभी आमच्या राष्ट्राची वर्गवारी 'निरुपद्रवी मध्यममार्गी लोकशाही' अशी आली. एखादा चांगला गोपनीय अहवाल यावा तसा आनंद आम्हांस झाला. पुढे आम्ही धूम्रपान बंद केले, शिरस्त्राण सक्तीचे केले, निवडणुकीच्या खर्चाला आणि पक्षांच्या संख्येला आळा घातला. काही आठवड्यांनी पाहतो तो वर्गवारी बदललेली : 'वडिलांना सारे कळते' असे राज्य! हे वाचून आमची नात इतकी हसली की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी वाचले आणि 'यात नवीन ते काय?' एवढेच विचारून त्या परत गेल्या.

खरा वाद झाला तो सक्तीच्या मतदानावरून. मतदारांचा उत्साह आटल्याचा प्रश्न आला आणि आम्ही सक्तीच्या बाजूने कळ दाबणार, तोच नातीने हात धरला. ती यंदा प्रथमच मतदार झाली आहे. आमचे म्हणणे असे की, निवडणुकीच्या कामावर असताना आम्ही ओस पडलेली मतदान केंद्रे पाहिली आहेत. बॅरीसाहेबांच्या ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे, मत न देणाऱ्यास वीस डॉलर दंड होतो, आणि तो देश काही तुरुंग झालेला नाही. आपल्या गुजरातेत स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी असे विधेयक २००९ मध्ये मंजूर झाले, राज्यपालांकडून परत आले, पुन्हा मंजूर झाले, २०१४ मध्ये त्यास संमती मिळाली. शंभर रुपये दंडही ठरला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. नात म्हणाली, "आजोबा, मत न देणं हेही एक मतच आहे. ते तुम्ही काढून घेताय."

त्यावर आम्ही ठेवणीतले अस्त्र काढले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. आमच्या आजीचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. मुलीला शाळेत घालावयास ते नाखूष होते, पण कायद्यापुढे त्यांचा इलाज चालला नाही. आजी पोथी स्वतः वाची, आणि मुंबईस गेलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने पत्र लिही. ही सक्ती नसती तर?

नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमच्या आजीचं ठीक. पण दंड कोणी भरला?"

प्रश्न बिनतोड होता. मुलगा शाळेत गेला म्हणजे गुरे कोण राखणार, या विवंचनेत असलेल्या घरांनीच तो दंड भरला. नोकरदारांच्या घरांत तशी वेळ क्वचितच आली. महाराजांना याची कल्पना नव्हती असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी शाळाही काढल्या, शिक्षण मोफतही ठेवले, आणि तरीही दंड ठेवला. त्या घरांतली मुलेही शिकली हे खरे, आणि त्या महिन्यात त्या घरांत धान्य कमी आले असेल हेही खरे. यांतले कोणते किती जड, हे मोजणारा काटा विश्वामित्रीच्या लांबलचक रांगेतही आम्हांस सापडला नाही. आम्ही अजूनही सक्तीच्या बाजूचे आहोत. मात्र आता आधी दंड कोणाला होणार हे विचारून मग.

मतदानाचा तो प्रश्न तीन दिवस तसाच पडून आहे. अठ्ठावीस दिवस कोणी फिरकले नाही तर राष्ट्रच रद्द होते, असा तिथला नियम असल्याने आम्ही रोज एकदा डोकावतो. नात म्हणते, फेटाळून टाका. आमच्या कचेरीत याला 'तूर्त दप्तरी दाखल' असे म्हणत. पण तशी कळ तिथे नाही.