तपी

निपाणीच्या मांजराचं नाव तपकीर असावं यात नवल ते काय! रंग तसाच, सुकलेल्या तंबाखूच्या पानाचा, आणि लहानपणी सारखी शिंकायची. 2007 च्या गणपतीत आमच्या लेकीनं तिला गल्लीच्या टोकाच्या वखारीतून फ्रॉकच्या घेरात घालून आणलं. लेक तेव्हा दहा वर्षांची. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांनी "न्हे की बाय, हितं ठसक्यानं मरंल त्ये" म्हणून सुखानं देऊन टाकलं होतं. तपकीरची तपी झाली आणि रेशनकार्डावर नाव नसलेलं माणूस म्हणून सोळा वर्षं आमच्यात राहिली. लेक शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला गेली, तपी मात्र इथंच, माझ्या सासूबाईंच्या पायथ्याशी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "मला मांजराचा सोस नाही" असं आत्या सोळा वर्षं म्हणत राहिल्या आणि दुधावरची साय रोज वेगळी काढत राहिल्या.

2022 च्या दिवाळीच्या सुमारास तपी पाणी फार पिऊ लागली. वाटीतलं संपलं की मोरीत जाऊन बादलीच्या काठावर चढायची. मांजर हा मुळात कमी पाण्यावर भागवणारा प्राणी. त्याचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले, म्हणून मूत्रपिंडं लघवी दाट करून पाणी वाचवतात. ही ताकद गेली की पाणी नुसतं वाहून जातं आणि जीव तहानलेला राहतो. मूत्रपिंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग कामातून जाईपर्यंत बाहेरून काही कळत नाही, असं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर म्हणजे म्हशी, बैल, शेळ्या यांत आयुष्य गेलेले. पण हात जाणता. त्यांनी तपीचं पोट दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि म्हणाले, "वहिनी, लिंबाएवढं लागायला पाहिजे तिथं सुपारीएवढं लागतंय. रक्त तपासून घ्या. कोल्हापूरला जावा."

आता, कोल्हापूर आमच्यापासून चाळीस किलोमीटर. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. एरवी एसटीत बसलं की तासाभरात कोल्हापूर. पण त्याच डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा पेटला आणि काही दिवस महाराष्ट्राच्या एसटी कर्नाटकात यायच्या बंद झाल्या. शेवटी माझ्या भावाची ओम्नी काढली. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांची ही गर्दी! एकानं मागच्या सीटवरच्या झाकलेल्या बुट्टीकडे काठी करून विचारलं, "एनिदु?" भाऊ म्हणाला, "बेक्कु, साहेब. बेक्किगे आराम इल्ल री." त्यांनी फडकं उचललं, तपीनं त्यांच्याकडे बघून फिस्स केलं, आणि ते हसून म्हणाले, "जावा, जावा लवकर." त्या आठवड्यात दोन्ही राज्यांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट मी पाहिली.

रक्तात क्रिएटिनिन 4.1 निघालं. मांजराला 1.6 च्या आत असावं लागतं. या आजाराच्या चार पायऱ्या धरतात, तपी तिसरीवर होती. बरा होणारा रोग नव्हे, लांबवता येतो, एवढं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. त्यांनी वयाचा हिशेबही करून दाखवला. मांजराची पहिली दोन वर्षं म्हणजे माणसाची चोवीस, पुढचं प्रत्येक वर्ष चाराचं. पंधरा वर्षांची तपी म्हणजे शहात्तरची बाई. घरी येऊन हे सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, "म्हंजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटीच की. आन् मी बघ अजून भाकरी थापतोय."

उपाय म्हणजे चामडीखाली सलाईन. शिरेत नव्हे. दर दिवसाआड शंभर मिली, आणि ते मी द्यायचं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर घाबरू नका. पहिल्यांदा शिकवायला मात्र डॉक्टरच हवेत, आणि किती द्यायचं तेही त्यांनीच ठरवायचं. बाटली आधी कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवायची, कारण थंड पाणी आत गेलं की मांजर शहारतं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी उभी राहते, त्या तंबूच्या पायाशी सुई घालायची. सुई दर खेपेला नवी. पाच-सात मिनिटांत पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, कधी तो घसरून पुढच्या पायाशी लोंबतो आणि काही तासांत जिरतो. आमच्या घरी बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायची, आत्या तपीचं डोकं मांडीवर धरून व्यंकटेश स्तोत्र म्हणायच्या. स्तोत्र संपायच्या आत शंभर मिली संपलेलं असायचं.

दुसरं काम वजनाचं. घरातल्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही, म्हणून दर रविवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसवायची. दुकानदारकाका परात ठेवून वजा करून द्यायचे आणि "शेंगदाणं काय भावानं?" असं विचारायचे. आकडा मी कॅलेंडरवर लिहायची. पूर्वीचं 4 किलो 200, त्या जानेवारीत 3 किलो 400.

खाण्याची मात्र रोजची लढाई. फॉस्फरस कमी असलेलं खास खाद्य सांगितलं होतं, ते तपीनं वासावरच नापास केलं. मग उकडलेल्या कोंबडीत थोडं थोडं चोरून मिसळायचं. शेजारचे जैन काका त्यांच्या बोक्याला दूध-चपातीवर वाढवतात. त्यांनाही डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कळवलं, की मांजराला टॉरिन लागतं, ते मांसातूनच मिळतं आणि कमी पडलं तर डोळे नि काळीज दोन्ही बिघडतात. काका विचारात पडले. आता ते बाजारचं तयार खाद्य आणतात, डबा मात्र अंगणात ठेवतात.

एक गोष्ट ठळक सांगते. तपी कण्हते म्हणून कुणीतरी अर्धी पॅरासिटामॉल द्यायला सुचवलं होतं. कृपा करून कधी देऊ नका. ती पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात नाही, एका गोळीनंही जीव जातो. माणसाचं औषध जनावराला चालेलच असं नसतं, आणि एका जनावराचं दुसऱ्यालाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि 2006 मध्ये ते गुरांसाठी बंद करेपर्यंत आभाळातली गिधाडं जवळपास संपली होती.

वर्षभर बरं चाललं. 2023 च्या डिसेंबरात एका सकाळी तपी चालता चालता दाराच्या चौकटीला धडकली. डोळ्यांच्या बाहुल्या बशीसारख्या मोठ्या, उजेडातही लहान होईनात. मूत्रपिंडाच्या दुखण्यात रक्तदाब वाढतो आणि डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. औषध निघालं ते आत्यांचंच, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा आठवा हिस्सा. मी ब्लेडनं तुकडे पाडायची. दाब उतरला, नजर आली नाही. तरी घर पाठ होतं तिला. आम्ही फक्त कॉट, पाट, पाण्याची वाटी जागची हलवायची नाही असं ठरवलं, आणि पाहुण्यांच्या चपला दाराबाहेर.

फेब्रुवारीत वजन 2 किलो 100 वर आलं. आता बाटलीचा आवाज झाला की तपी पिठाच्या डब्यामागे जाऊन बसायची. आंधळं मांजर, हाडांवर कातडं, आणि तिला मी ओढून काढायची. लेक पुण्याहून रोज फोन करायची, "आई, सुई बंद करू नकोस गं, मी शनिवारी येते." डॉक्टर म्हणाले, शांतपणे झोपवता येईल, तुम्ही ठरवा. मी ठरवेना. घरात तो विषय निघाला तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं." ते त्या चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या. मी त्यावर काही बोलले नाही, कारण मलाही तेच म्हणायचं होतं की काय, कोण जाणे.

शुक्रवारी रात्री तपी ओरडत राहिली. दुखण्याचं ओरडणं नव्हे, हरवल्यासारखं. आत्यांनी तिला दोनदा पायथ्याशी घेतलं, दोनदा ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहाटे चारला त्यांनी मला हाक मारली. "लेक आली की डॉक्टरला बोलाव," म्हणाल्या. "सोन्याच्या मांजराचं काय ते मी बघून घेतो."

लेक सकाळच्या गाडीनं निघून दुपारी पोचली. डॉक्टर घरीच आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती पूर्ण झोपल्यावर दुसरं. आत्या कॉटवर बसल्या होत्या, तपी नेहमीच्या जागी, लेकीचा हात तिच्या मानेखाली. स्तोत्र या वेळी कुणी म्हटलं नाही. परसात कढीपत्त्याशेजारी खड्डा घेतला.

त्या महिन्याच्या कॅलेंडरचं पान मी फाडलं नाही, दुमडून ठेवलंय. आत्यांनी साय वेगळी काढायचं बंद केलं, पण अजून पाय आखडूनच झोपतात.

सलाईनच्या चार न फोडलेल्या बाटल्या आणि सुयांचं पाकीट उरलं होतं. डॉक्टरांच्या ओळखीनं संकेश्वरचा एक मुलगा ते घेऊन गेला, त्याच्या बोक्याला हेच दुखणं. पहिल्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल केला. बाटली थेट टांगलेली दिसली, तेव्हा माझ्या आधी आत्याच मागून ओरडल्या, "आरं, आधी कोमट कर की ती!" बोक्याचं वजन अजून साडेतीन किलो आहे.