कुणाच्या खात्यावर?

मुलांसाठी गिरणगावावर रहस्यकादंबरी लिहायला घेतली, तेव्हा इतिहासात कुठेही चुकायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला कापडगिरण्यांचा संप, त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, गेटवर रोज हजेरी लावून कामाची वाट बघणारे बदलीवाले, सगळं टिपून ठेवलं. लालबागच्या चाळीत काकाबरोबर राहणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला पत्र्याच्या ट्रंकेत भलत्याच नावाचा बदली पास सापडतो. तो माग काढतो. खरा बाप कणकवलीजवळच्या गावात निघतो, पोरगा तिकडे जातो आणि कादंबरी संपते.

परळला काही जणांसमोर मी ती वाचून दाखवली. पूर्वी खानावळ चालवलेल्या एक आजी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पोरगा जेवत कुणाच्या खात्यावर होता?"

मला उत्तर देता येईना. अख्ख्या कादंबरीत कुणी जेवलंच नव्हतं! शिवाय काका-पुतण्याला मी सरळ एक स्वतंत्र खोली देऊन टाकली होती. प्रत्यक्षात एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी पाळ्यांप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीचा परतला की पहिल्या पाळीवाल्याची वळकटी उचललेली असायची. खानावळीच्या वहीत महिन्याची ताटं आणि गावी गेलेल्याचे खाडे लिहिले जायचे, हिशेब पगाराला व्हायचा. संपात पगारच थांबला, तरी आजींनी ताटं थांबवली नाहीत. दागिने सावकाराकडे गेले. अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. हे मला माहीत होतं, टिपणवहीतही होतं. तरीही माझ्या कादंबरीत एकही खानावळवाली नव्हती. घर म्हणजे रक्ताचं, हे मी न तपासता धरून चाललो होतो आणि मुलांना तेच सांगणार होतो. याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरी चूक तपशिलाची, पण मुळात तशाच गृहीत धरण्यातली. शेवटच्या प्रकरणात मी संप मागे घेतल्याची मिरवणूक घातली होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या मला शेवटी सगळं सुटलेलं हवं होतं.

कादंबरी पुन्हा लिहिली. आता पुरावा ट्रंकेत नाही, खानावळीच्या वहीत आहे. काकाच्या नावापुढे एका महिन्यापासून दोन ताटं लागू लागतात आणि पुढे कित्येक वर्षं दुसऱ्या ताटाला एकही खाडा नाही. पोरगा बापाला भेटून येतो, पण राहतो लालबागलाच. संपातली उधारी फिटली का, हे मुलं विचारतील. ती मी बाकीच ठेवली आहे. आजींचीही पुष्कळशी तशीच राहिली.