चुन्याची निवळी

मुलाला शिकवणीला घालणे आणि मुलीसाठी स्थळ पाहणे, यांत आमच्या देवळीत फारसा फरक नाही. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच : "शिकला किती?" स्वभाव, वागणूक यांची चौकशी मागाहून.

यंदा मृगाच्या तोंडावर हा प्रश्न माझ्या ओसरीवर येऊन बसला. शेजारच्या कास्तकाराची मुलगी अकरावीत गेली होती. गेल्या हंगामातल्या कापसाचे पैसे बियाण्यात गेलेले. नागपूरच्या क्लासची फी ऐकूनच बाप गप्प झाला होता. मला म्हणाला, "गुरुजी, आपल्या गावातला तो केमिस्ट्रीचा मास्तर किती शिकला आहे जी? पोरीले त्याच्याकडं टाकू का?"

माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतची. तरी शेजारधर्म म्हणून मी मुलीबरोबर गेलो. मास्तर नागपूरचे बी. एस्सी.; पुढे काही वर्षे रंगाच्या कारखान्यात काढलेली. भिंतीवर एकही प्रमाणपत्र नाही. त्यांनी पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला आणि वरची स्वच्छ निवळी पेल्यात ओतून घेतली. पपईच्या पानाचा पोकळ देठ मुलीच्या हाती देऊन म्हणाले, "हळू फुंक. ओढायचे मात्र नाही हं!"

पाणी दुधासारखे झाले. मुलगी हसली.

"आता थांबू नकोस."

ती फुंकत राहिली आणि बऱ्याच वेळाने ते दूध पुन्हा निवळले! "हे कसे?" असे तिने विचारले. मास्तर म्हणाले, "उद्या तूच सांग."

अशा मास्तरांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले. बडोद्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिथे कलाभवन निघाले, तेव्हा धंदेशिक्षण मुलांना स्वभाषेतून द्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले. ते डाग कुणाला निघेनात. अखेर काढले ते गज्जरांनीच. आणि आपल्या कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक विज्ञान शिकवीत. मराठीत पुस्तकेच नाहीत म्हणून ते रडत बसले नाहीत. त्यांनी रसायनशास्त्र स्वतःच मराठीत लिहिले.

म्हणून पदवी विचारू नये, असे मात्र नाही. तीव्र आम्ल पाण्यात ओतायचे असते. पाणी आम्लात ओतले तर ते उसळून अंगावर येते. हे ज्याला पक्के ठाऊक नाही, त्याच्या हाती पोर देऊ नये. पदवी सांगते, की मास्तर शिकला आहे. तो शिकवतो की नाही, हे पोराच्या तोंडून निघणाऱ्या प्रश्नावरून कळते.

मी बापाला एवढेच सांगितले, "मास्तर बी. एस्सी. आहे. पण तुमची पोर घरी येताना वाटभर बोलत होती."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. घरात एरवी ती फारशी बोलत नसे.

परवा दिवाळीची सफेदी चालली होती. तिच्या अंगणात कळीचा चुना रटरटत होता, वाफा निघत होत्या. बाप कुंचला मारीत होता आणि ती खालून सांगत होती, "बाबा, हा चुना नुसता सुकत नाही जी. हवेतला तोच वायू घेतो, जो आपण फुंकतो, आन् पुन्हा दगड होतो. भट्टीत जायच्या आधी होता, तसाच!"

बापाने कुंचला थांबवला, ओल्या भिंतीवर बोट टेकवले आणि विचारले, "मंग किती दिस लागतात?"

मुलगी अडखळली. "उद्या मास्तरांना विचारते," म्हणाली.

आता त्या घरात दोघे शिकत आहेत. फी मात्र एकाचीच जाते!