परसातील नवरंग

पनवेल सोडून गोव्याच्या दिशेने महामार्गाने निघाले की काही वेळातच कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दृष्टीस पडतो. त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य आकाराने लहान आहे. परंतु पाखरांना अभयारण्याची हद्द कुठे ठाऊक असते? मे महिन्याच्या अखेरीस, पावसाची चाहूल लागताच, या परिसरातील जुन्या घरांच्या परसातही एखादा अनोळखी पाहुणा उतरतो.

आंब्या-फणसाच्या पाचोळ्यात तो उड्या मारीत हिंडतो आणि पाने उलटून किडे टिपतो. तो बुलबुलाएवढा, पण अंगाने गुबगुबीत असून त्याचे शेपूट अगदी आखूड असते. पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, गळा पांढरा, पोट बदामी, शेपटीखाली किरमिजी रंग आणि डोळ्यांवरून गेलेला ठळक काळा पट्टा.

निळा रंग दिसताच कोणीतरी 'खंड्या' असा निर्वाळा देऊन मोकळे होते. परंतु खंड्याची चोच लांब व भाल्यासारखी असते आणि तो फांदीवर किंवा तारेवर टपून बसतो. हा पाहुणा मात्र जमीन सोडीत नाही. पूर्वी पेढीवर हुंडी स्वीकारताना केवळ सही पाहून भागत नसे. रक्कम आणि मुदतही ताडून पाहिली जाई. पक्ष्याचेही तसेच आहे. आकार, चोच, चालण्याची रीत, जागा आणि ऋतू या पाच नोंदी जुळल्या, म्हणजे रंग फसवू शकत नाही.

नोंदी जुळतात त्या नवरंगाशी. हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढून तो विणीसाठी सह्याद्रीची दाट झाडी, मध्य भारत आणि हिमालयाचा पायथा गाठतो. पहाटे व सायंकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. म्हणूनच तमिळ भाषेत त्याला 'आरुमणी कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी, म्हणतात. तो रात्री प्रवास करतो आणि थकला की परसात, क्वचित घरातही, उतरतो.

खरी कसोटी येथेच लागते. कळवळ्याने कोणी त्याला पिंजऱ्यात ठेवते, तर कोणी चोचीत पाणी ओतते. दोन्ही गोष्टी त्याच्या जिवावर बेतू शकतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये त्याला पाळणे हा गुन्हा आहे. मांजर दूर ठेवावे, मुलांना लांबूनच पाहू द्यावे, पाचोळा झाडू नये. पक्षी जखमी असल्यास वन विभागास कळवावे. एवढीच त्याची सेवा.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांना ओळखता आली नाही. ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथूनच त्यांच्या पक्षी-अभ्यासाला दिशा मिळाली. त्या काळी पक्ष्याची ओळख पटविण्यासाठी पुष्कळदा त्याचा जीव जाई. आज दुर्बीण, चित्रांचे पुस्तक आणि थोडा धीर पुरतो. कोणाचाही जीव न दुखावता ज्ञान मिळते, ही काळाची मोठीच देणगी म्हटली पाहिजे.

पाहुणा थोड्याच दिवसांत निघून जातो. त्याच्या येण्याची तारीख मात्र घरच्या वहीत अवश्य लिहून ठेवावी. पुढील वर्षी पाचोळा सळसळला, तर मुले स्वतःच ती काढून पाहतील.