हात आपला, उत्तर तिचं

सेवा म्हटलं की आपल्या मुलांना गणेशोत्सवातल्या पंगतीचं वाढप नाहीतर एनएसएसचं शिबिर आठवतं. दोन्ही चांगलंच. पण इंदुरात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला असताना मी आणखी एक काम केलं. अंध परीक्षार्थींसाठी लेखनिक म्हणून बसायचं. यात ना घोषणा असतात, ना फोटो निघतो.

ऐकायला सोपं आहे. प्रश्न वाचून दाखवायचा, सांगतील ते उत्तर लिहायचं. अशा परीक्षार्थींना तासामागे किमान 20 मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे 3 तासांचा पेपर 4 तासांचा होतो. बोटं दुखतात, पण खरा कस लागतो तो तोंड बंद ठेवण्याचा.

बी.ए.च्या एका दीदीचा इतिहासाचा पेपर होता. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल तिनं 1757 सांगितलं. 1761 मराठी घरात कुणाला पाठ नसतं? तरी मी 1757च लिहिलं. चार ओळींनंतर ती थांबली. "अरे, वो तो प्लासी का था. काट दे." मी खोडलं. चूक तिची होती, सुधारायचा हक्कही तिचाच. मी गुपचूप 1761 लिहिलं असतं, तर तो मार्क तिचा राहिला नसता.

बऱ्याच परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. त्यामुळे निवृत्त प्राध्यापक आजोबा कितीही तयार असले तरी चालत नाहीत, तुमच्यासारखी मुलंच लागतात. आणि नेमके त्याच दिवसांत तुमचेही पेपर असतात. आयत्या वेळी लेखनिक आला नाही, तर वर्षभर ऐकून ऐकून केलेला अभ्यास कागदावर येतच नाही. म्हणून आधी स्वतःचं वेळापत्रक बघा आणि मगच हो म्हणा. एकदा हो म्हटलं की मात्र जायचंच.

जवळच्या अंध विद्यालयात किंवा आपल्या कॉलेजात नाव देऊन ठेवा. परीक्षा कोणती, तिचे नियम काय, ते विचारून घ्या. शक्य असेल तर पेपरच्या एक-दोन दिवस आधी भेटा, म्हणजे त्यांच्या बोलण्याचा वेग कळतो. घरी मराठी आणि शाळेत हिंदी शिकलेल्या आपल्या मुलांचा हात देवनागरीवर चांगला बसलेला असतो. परीक्षा नसतील तेव्हा पाठ्यपुस्तकाचा एखादा धडा स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करून द्या. मोबाइल तर हातात असतोच.