झिरा

निजामाबाद सुटलं की डब्याची तऱ्हा बदलते. आडवे झालेले उठून बसतात, बायका पदर सावरतात, आणि समोरच्या बाकावरची म्हातारी कमरेच्या चंचीतून एक नाणं काढून मुठीत घट्ट धरून ठेवते. बासरच्या पुलावर गाडी चढते, लोखंडाचा तो पोकळ गडगडाट सुरू होतो आणि सगळे हात एकदम जोडले जातात. कुणी ‘गंगामाय’ पुटपुटतं, कुणी ‘गंगम्मा’. गोदावरीला गोदावरी म्हणणारं माणूस या डब्यात मला अजून भेटलेलं नाही.

एका वर्षीचा मे महिना होता. म्हातारीचं नाणं खिडकीतून सुटलं, उन्हात एकदा लकाकलं आणि खाली वाळूत पडलं. चालत्या गाडीत नाण्याचा आवाज कधीच येत नाही, हे मलाही कळतं.

तरी त्या दिवशी तो आला नाही.

याच वाळूकाठी, बासरच्या सरस्वतीच्या देवळात, मी पाटी धरली. व्यासांची गोष्ट आमच्याकडे लेकराला दुधाबरोबर पाजतात: रोज गंगेत बुडी मारून ते तीन मुठी वाळू आणायचे, तीन ठिकाणी ठेवायचे, आणि त्या वाळूच्याच तीन देवी झाल्या, महासरस्वती, महालक्ष्मी, महाकाली. गाभाऱ्यातला हळदीचा दमट वास, तुपाचा धूर, मागून लोटणारी गर्दी आणि माझ्या बोटांवर आजीची खरबरीत बोटं. पाटीवर पहिली रेघ उमटली ती माझी की तिची, कोण जाणे, कारण आजीला स्वतःला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मांडीवरचा मुलगा रडत रडत तेलुगू अक्षर गिरवत होता. आमचा ओनामा, त्यांचं ओनमालु. एकाच मुळाला दोन्हीकडे पानं फुटलेली.

आजीच्या लहानपणी बासरला जाणं म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाणं होतं. 1956 साली भाषावार राज्यं झाली, नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंशाचा पट्टा आदिलाबादेत गेला, आणि अलीकडे 2016 मध्ये तोही जिल्हा मोडून निर्मल झाला. ‘बासर आपल्याचकडं हाय,’ असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. नकाशा तिला कुणी दाखवला नाही, तेही बरंच झालं.

आजी म्हटली की मला आधी झिरा दिसतो.

उन्हाळ्यात गंगा आटली की आमच्या गावच्या बाया उजाडायच्या आत पात्रात उतरायच्या. आजी वाळूवर उकिडवी बसायची, तळहातानं वरची कोरडी, रात्रीची गार पडलेली वाळू बाजूला लोटायची. मग दमट वाळू, मग काळपट, मग कोपरभर खोलीवर हाताला अचानक लागणारा तो गारवा. खड्ड्याच्या कडेनं कण घसरत राहायचे, तळाशी चमचाभर गढूळ काहीतरी हलायचं, आणि मी नरोटी खुपसायला जायचो. ‘दमानं घे. तिला येऊ दे,’ ती हात धरायची. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं. मग थांबायचं. पूर्वेकडे तांबूस रेघ उजळेपर्यंत खड्ड्याच्या तळाशी पाणी असं काही नितळ व्हायचं की त्यात आभाळाचा तुकडा पडलेला दिसे. नरोटीनं ते अलगद उचलायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा थांबायचं. झिरा ज्यानं उकरला त्याची पाळी पहिली. पण वाटेनं तहानलेलं कुणी आलं, माणूस असो की शेरडू, तर हंडा बाजूला सारायचा. जाताना झिरा बुजवायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

आता सगळं लिहिलेलं आहे. बासरच्या वर, धर्माबाद तालुक्यात, बाभळीला चौदा दारांचा बंधारा उभा आहे आणि त्याच्या दारांना तारखा आहेत. खाली पोचमपाडच्या श्रीरामसागराचं फुगलेलं पाणी पार बाभळीच्याही वर चढतं, म्हणून आंध्र प्रदेश 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधारा बघायला निघाले आणि त्यांना धर्माबादेत ताब्यात घेतलं गेलं. 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल आला. 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत दारं वर. मग खाली. आणि दर 1 मार्चला अडवलेल्या 2.74 टीएमसीतून 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं, कारण तेवढं मुळात त्या खालच्या जलाशयातलं धरलं आहे. सुमारे 1700 कोटी लिटर. मला हा आकडा डोळ्यांसमोर आणता येत नाही. मी त्याच्या नरोट्या करायला बसतो आणि हरतो.

बाभळीचा शेतकरी तारखांवर हसतो. पावसाळाभर नदी दारांखालून निघून जाते आणि ऑक्टोबर सरता सरता दारं टाकायची. ‘वरात गेल्यावर मांडव घालायचा,’ तो म्हणतो. त्याचं खोटं नाही. पण निजामाबादकडचा हळद पिकवणारा माणूसही मला भेटला आहे, आणि वरच्या प्रत्येक भिंतीची, पैठणची, विष्णुपुरीची, बाभळीची, नावं तो घरातल्या मयतांसारखी घेतो. त्याचंही खोटं नाही. दोघंही एकाच झिऱ्याशी बसलेले आहेत, फक्त मध्ये कोर्ट आहे. 2018 च्या आसपास धर्माबादकडची काही गावं आम्हाला तेलंगणात घाला म्हणाली, तेव्हा पेपरवाल्यांना नवल वाटलं. मला आजी आठवली.

आणि वाळू? व्यासांनी तीन मुठी उचलल्या होत्या. आता रात्री हायवा येतात. वाळू गेली की खाली उरतो तो काळा, चिकट थर. त्यात झिरा धरत नाही. कितीही थांबलं तरी.

एका 1 मार्चला मी बाभळीला गेलो होतो. दोन्हीकडचे अधिकारी जमले, कागदावर सह्या झाल्या, चहा झाला. मग दार उचललं गेलं आणि तळातून पाणी पांढरं होऊन फुटलं. काठावरचे बगळे एकदम उठले, एक चक्कर मारून पुन्हा त्याच जागी बसले. बंधाऱ्याच्या भिंतीवर ओली खूण उरली होती आणि ती हळूहळू खाली सरकत होती. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा टोपी काढून पाण्याकडे बघत राहिला. लेक सासरी निघाल्यावर दारात उभे राहतात तसा. सोडलेलं पाणी पुढे कुठल्या वळणावर किती मुरतं ते मला मोजता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी बासरला उतरलो.

घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पाणी बरंच दूर गेलेलं होतं. मध्ये वाळू, तीत कालच्या पूजेची सुकलेली झेंडूची फुलं, एक फुटकी पाटी. वर देवळात पाटीपूजनाच्या रांगेतलं लेकरू भोकांड पसरून रडत होतं. हातात तांब्या घेतलेली एक बाई पायऱ्या उतरून आली, कपाळावर आडवा हात धरून वरच्या अंगाला बघत राहिली आणि मला स्थानिक समजून विचारती झाली, ‘नीळ्ळु वच्चिनाया?’ पाणी आलं का?

मी वाकून वाळूला हात लावला. वरची तापली होती. बोटं आत घातली.

‘वस्तुन्नाय,’ मी म्हणालो. येतंय.

तिनं तांब्या पायरीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली.