क्रम विचारणाऱ्या फ्लॅगला

प्रिय एफ-मॉड्यूल्स-टीएस,



2021 च्या एप्रिलमध्ये जीसीसी कंपायलरची 11 वी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत तू आलास. सी++20 चं प्रमाण त्याआधी डिसेंबरात प्रसिद्ध झालं होतं. मॉड्यूल्स, म्हणजे एक्स्पोर्ट-इम्पोर्टनं जोडले जाणारे कोडचे भाग, त्यात अधिकृतपणे होते, तरी कंपायलरला नुसतं सी++20 सांगून भागत नसे. तुझं नाव कमांडमध्ये वेगळं लिहावं लागे. नावातलं ते टीएससुद्धा मागच्या मुक्कामाचं, 2018 च्या टेक्निकल स्पेसिफिकेशनचं. 15 व्या आवृत्तीपासून नुसतं एफ-मॉड्यूल्स म्हटलं तरी तू ओ देतोस. मी मात्र जुन्याच नावानं हाक मारतो. आपलं भांडण त्या नावानं झालं, समेटही.

तू नव्हतास तेव्हा आम्ही हेडर फाइलींवर जगत होतो. आमच्या पिढीनं सी++ शिकली ती कॉलेजच्या लॅबमधल्या टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर, आणि पहिली ओळ होती हॅश इन्क्लूड. ती ओळ नेमकं काय करते हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. प्रीप्रोसेसर समोरची फाइल अक्षरशः उतरवून काढतो, तिच्या आतल्या फाइली उतरवतो, त्यांच्या आतल्याही. पडद्यावर एक वाक्य छापणारा पाच ओळींचा प्रोग्राम आयओस्ट्रीम घेतो आणि कंपायलरपुढे तीस हजारांच्या आसपास ओळी येऊन पडतात. प्रकल्पात अशा दोनशे फाइली असतील तर तोच मजकूर दोनशेदा वाचला जातो. प्रत्येक भाजीसाठी वाटण पहिल्यापासून वाटायचं, तसं.

वेळ जातो एवढंच दुःख असतं तर वेगवान यंत्र घेऊन भागलं असतं. पण उतरवलेल्या मजकुरातून मॅक्रोही येतात. विंडोजच्या मुख्य हेडरमधले मिन आणि मॅक्स हे दोन मॅक्रो स्टँडर्ड लायब्ररीतल्या त्याच नावाच्या फंक्शनांवर येऊन आदळतात, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाव कुणाचं, घुसतं कुठे, आणि चूक दाखवली जाते तिसरीकडेच! तुझ्या मॉड्यूलमधून मॅक्रो बाहेर पडत नाही. जे एक्स्पोर्ट केलं तेवढंच दुसऱ्याला वापरता येतं. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी 1994 सालच्या आपल्या पुस्तकात प्रीप्रोसेसर नाहीसा व्हावा अशी इच्छा मांडली होती. डेव्हिड व्हँडेवोर्ड यांनी मॉड्यूल्सचा प्रस्ताव मांडला 2004 मध्ये, आणि तो विचार प्रमाणात शिरला 2019 च्या फेब्रुवारीत, प्रमाण समितीच्या कोना इथल्या बैठकीत. जीसीसीत तुला आकार दिला तो नेथन सिडवेल यांनी, वेगळ्या शाखेवर वर्षानुवर्षं खपून.

आता आपल्या भांडणाविषयी.

मी तुला पहिल्यांदा सुरू केलं ते आमच्या एका मध्यम आकाराच्या लायब्ररीवर. मोठ्या उत्साहानं हेडरांच्या जागी एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट लिहिलं. माझ्या यंत्रावर बिल्ड झालं. सहकाऱ्यानं तोच कोड नव्यानं उतरवून घेतला आणि त्याच्याकडे पहिल्याच मिनिटाला मॉड्यूल सापडत नाही म्हणून सगळं थांबलं. माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही. दोन दिवस मी तुला बोल लावत होतो. मग लक्षात आलं की माझ्याकडच्या जीसीएम.कॅश फोल्डरमध्ये आधीच्या प्रयत्नांतून बनलेल्या इंटरफेस फाइली पडून होत्या आणि कंपायलर त्याच वाचत होता. फोल्डर पुसलं तेव्हा माझंही बिल्ड कोसळलं. चूक माझ्या बिल्ड स्क्रिप्टची होती. ती आठ फाइली एकदम कंपाइल करायला सोडत होती, जुन्या सवयीनं.

हेडरच्या जगात ही सवय चालून जाते. तिथे प्रत्येक फाइल स्वतःपुरता मजकूर उतरवून घेते, त्यामुळे कुणी आधी, कुणी नंतर, काही बिघडत नाही. तू मात्र विचारतोस: हे मॉड्यूल ज्याच्यावर उभं आहे ते तयार झालं का? उत्तर नसेल तर पुढे जात नाहीस. म्हणून मी एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि कोण कुणावर अवलंबून आहे याच्या रेघा ओढल्या. त्या कागदावर वर्तुळं निघाली. नोंदी ठेवणारा भाग सेटिंग्ज वाचणाऱ्यावर अवलंबून, आणि सेटिंग्ज वाचणारा चुका लिहायला नोंदींवर. हेडरमध्ये एक आगाऊ घोषणा टाकून आम्ही ते सहा वर्षं झाकून ठेवलं होतं. तू ते चालवून घेत नाहीस. दोन मॉड्यूल्सनी एकमेकांना इम्पोर्ट करणं निषिद्धच आहे.

त्या दिवसापासून मी तुझ्या बाजूचा झालो.

तुझ्यामुळे बिल्ड लवकर होतं, असं सांगून तुझा प्रचार करणारे पुष्कळ आहेत. वेग मिळतोही. पण त्या कागदासाठी मी तुझा ऋणी आहे. चाळीस वर्षं या भाषेत अवलंबित्व मनात ठेवायची गोष्ट होती, तू ते बोलायला लावलंस. त्याची किंमतही मोठी आहे, हे मान्य करतो. फाइलींचा क्रम आधी शोधून काढणारी यंत्रणा बिल्डच्या साधनांना नव्यानं उभारावी लागली. सीमेक या बिल्डच्या साधनात ती स्थिरावली 3.28 या आवृत्तीत, 2023 च्या डिसेंबरात, आणि ‘या फाइलीतून काय मिळतं, तिला काय लागतं’ ही माहिती ठरलेल्या साच्यात द्यायला जीसीसी 14 व्या आवृत्तीपासून शिकला. तुझ्या इंटरफेस फाइली दुसऱ्या कंपायलरला वाचता येत नाहीत, त्यामुळे लायब्ररी पाठवताना त्या सोबत देऊन उपयोग नसतो. 

माझी विनंती एकच आहे. तू मागितल्याशिवाय सुरू होत नाहीस याबद्दल बरेच जण वैतागतात. तू घाई करू नकोस. ज्यांनी क्रमाचा विचारच केलेला नाही त्यांच्या बिल्डमध्ये आपोआप शिरलास तर तेही तुलाच दोष देत बसतील, माझ्यासारखे. मात्र शिकवणाऱ्यांनी तुला लवकर हाताळावं असं मला मनापासून वाटतं. 15 व्या आवृत्तीत तुझ्या आधारे ‘इम्पोर्ट एसटीडी’ ही एक ओळ लिहून अख्खी स्टँडर्ड लायब्ररी घेता येते. पहिल्या तासाला मुलांना ती दाखवता आली तर किती बरं होईल!

आमच्या लायब्ररीत तीन वर्तुळं होती. दोन सुटली, त्यांत नोंदी आणि सेटिंग्जचंही आलं. तिसरं नेटवर्कच्या भागात आहे आणि त्याच्या रेघा मला अजून नीट ओढता आलेल्या नाहीत. येत्या शनिवारी पुन्हा बसणार आहे. त्याआधी जीसीएम.कॅश पुसून ठेवतो.

तुझा,
एक सी++ प्रोग्रामर